तपासणी लांबली, घोर वाढला

वुहानचे डॉ. ली वेनलियांग 2020 च्या सुरुवातीला जगभर माहीत झाले. सार्ससारखा काहीतरी नवा आजार आलाय, जपून राहा, असं त्यांनी 30 डिसेंबर 2019 रोजी आपल्या डॉक्टर मित्रांना कळवलं. त्याबद्दल पोलिसांनी त्यांनाच समज दिली आणि 7 फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले. ते नेत्रतज्ज्ञ होते एवढं बऱ्याच जणांना आठवतं. पण त्यांना लागण झाली ती काचबिंदूच्या एका रुग्णाला तपासताना, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. डोळे तपासताना डॉक्टर आणि रुग्ण यांच्या चेहऱ्यांत वीतभरच अंतर उरतं. साथीच्या काळात जे टाळायचं ते नेमकं हेच.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं ते 11 मार्च 2020 रोजी. त्या वर्षीचा जागतिक काचबिंदू सप्ताह 8 ते 14 मार्च असा होता. ‘वेळच्या वेळी तपासून घ्या’ हे लोकांना सांगण्याचाच तो आठवडा, आणि पुढच्या पंधरवड्यात तपासणीची दारं बंद झाली. महाराष्ट्रात 23 मार्चला संचारबंदी आली, 25 पासून देशभर टाळेबंदी. नेत्रतज्ज्ञांच्या एका देशव्यापी सर्वेक्षणात 72.5 टक्के डॉक्टरांनी सांगितलं की, या काळात आम्ही एकही रुग्ण तपासत नाही. जे तपासत होते तेही बहुतेक तातडीचेच रुग्ण बघत होते. मुंबईची लोकल बंद होती. एसटी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर धावू लागली ती 20 ऑगस्टला, आणि जिल्हा ओलांडायला लागणारा ई-पास सुटला सप्टेंबरमध्ये. ज्याचा डोळ्यांचा डॉक्टर पुण्याला आणि घर सोलापूरच्या एखाद्या गावात, त्याची तीन महिन्यांची तारीख सहज सहा-आठ महिन्यांवर गेली.

गुडघा दुखणाऱ्याची तारीख हुकली की गुडघाच त्याला सांगतो. काचबिंदूत तसं काही होत नाही, आणि रुग्णाच्या मनाचे हाल सुरू होतात ते इथूनच.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेजवळच्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात जातो. ती जाळी तुंबली की आतला दाब वाढतो. सर्वसाधारणपणे हा दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. दाब वाढला की डोळ्यामागच्या नसेवर ताण येतो. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरतात आणि मेलेले पुन्हा उगवत नाहीत. काहींची नस तर दाब ‘नॉर्मल’ असूनही झिजते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. पाव ते एक तृतीयांश तंतू गेल्यावर कुठे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत पहिला डाग दिसतो. भारतात चाळिशीपुढच्या एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज आहे. लोकांमध्ये जाऊन केलेल्या पाहण्यांत असं आढळलं की, यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांना त्याचा पत्ताच नसतो. (एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो: डोळ्यात आणि डोक्यात असह्य कळ, उलट्या, दिव्यांभोवती रंगीत वलयं. त्याला तासही दवडायचा नसतो, टाळेबंदी असो वा नसो.)

काचबिंदूच्या पोस्टरवर बहुधा मधोमध स्वच्छ चित्र आणि भोवती काळाकुट्ट बोगदा असतो. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या डेव्हिड क्रॅब आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 50 रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवून विचारलं, तुम्हाला यांतलं कोणतं आपलं वाटतं? काळा बोगदा एकानेही निवडला नाही. काहींना थोडं धूसर दिसत होतं, काहींच्या नजरेतून वस्तूच गायब होत होत्या, आणि चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांना काहीच फरक जाणवत नव्हता. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरतो, उरलेलं मेंदू आपल्या अंदाजाने रंगवतो. म्हणजे पोस्टर बघून ‘काळं दिसायला लागलं की जाईन’ म्हणणारा माणूस जी खूण कधी येणारच नाही तिची वाट बघत बसतो. माझ्या मते या पोस्टरांनी बरंच नुकसान केलं आहे, सगळं सदिच्छेने.

टाळेबंदीत दोन स्वभावांची माणसं दोन उलट दिशांनी गेली. पहिला म्हणाला, दिसतंय की सगळं, कशाला उगाच धोका पत्करून दवाखान्यात जायचं. त्याच्या मनात मोतीबिंदूचा जुना हिशेब असतो: पिकू द्या, मग बघू. मोतीबिंदूत थांबलं तरी शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वेळा दृष्टी परत मिळते. काचबिंदूत गेलेलं गेलंच. दुसरा याच्या बरोबर उलट. सकाळी उठल्यावर आधी उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं, मग डावा झाकून. कालच्यापेक्षा आज तारखा पुसट आहेत का? ट्यूब गेली असेल, चष्म्याला वाफ आली असेल, झोप अपुरी झाली असेल, पण ‘नस सुकत चाललीय’ हेच मनात येतं. मग दुपारी एकदा, रात्री एकदा. या घरगुती परीक्षेतून काही कळत नाही. कडेची नजर जाते ती कालनिर्णयाच्या आकड्यांत सापडत नाही. पण ती परीक्षा सोडवतही नाही.

पहिल्याला आपण बेफिकीर म्हणतो आणि दुसऱ्याला घाबरट. दोघांच्याही वागण्याचं मूळ मात्र एकच: शरीर काही सांगत नाही आणि सांगणारं यंत्र बंद दाराआड आहे. काचबिंदूच्या रुग्णाचं स्वास्थ्य बऱ्याच अंशी दर तीन-चार महिन्यांनी कुणीतरी उच्चारलेल्या ‘दाब आटोक्यात आहे’ या एका वाक्यावर चालतं. साथीने ते वाक्यच काढून घेतलं.

हा घोर साथीच्या आधीपासूनचा आहे. जपानमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून 2008 मध्ये 230 काचबिंदू रुग्णांची तेवढ्याच निरोगी लोकांशी तुलना केली. रुग्णांमध्ये चिंतेची लक्षणं 13 टक्क्यांना होती, इतरांत 7 टक्क्यांना. नैराश्याचे आकडे 10.9 आणि 5.2 टक्के, म्हणजे साधारण दुप्पट. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या 607 रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. तिथे असं दिसलं की आंधळं होण्याची भीती सर्वांत जास्त असते ती निदानाच्या वेळी, आणि उपचार, तपासण्या, ओळखीचा दवाखाना यांची सवय होत गेली की ती बरीच उतरते. याचा अर्थ मला असा लागतो की नियमित फेरतपासणी हाच भीतीवरचाही उपचार असतो. कुणी तो तसा लिहून देत नाही, एवढंच. मार्च 2020 च्या आगेमागे ज्याला ‘तुम्हाला काचबिंदू आहे’ असं कळलं आणि लगेच सगळं बंद झालं, त्याच्या वाट्याला भीतीची सुरुवात आली, पण उतार आला नाही.

दार उघडल्यावरही पहिली भेट सोपी नव्हती. फिल्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, ज्याने दिली आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. अंधारी खोली, एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवून एका पांढऱ्या अर्धगोलात बघायचं. नजर मधल्या ठिपक्यावर खिळवायची आणि कडेला कुठेही प्रकाशाचा टिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र मुद्दाम इतके मंद टिपके दाखवतं की निम्मे निरोगी डोळ्यालाही दिसू नयेत. उंबरठा शोधायचा तर तसंच करावं लागतं. पण आत बसलेल्या माणसाला वाटतं, आपण एकामागून एक प्रश्न चुकवतोय. घाम फुटतो, डोळा कोरडा पडतो, बटण उगाचच दाबलं जातं. टेक्निशियन म्हणतो, ‘काका, समोर बघा, हलू नका.’ बाहेर आल्यावर कागदावर राखाडी-काळे डाग, आणि डॉक्टरांकडे दोन मिनिटं. बरेच रुग्ण या परीक्षेला घाबरतात.

त्यात मास्क. श्वासाची वाफ मास्कच्या वरच्या कडेतून निसटून तपासणीच्या भिंगावर साचायची आणि अहवालात खोटे डाग उमटायचे. वैद्यकीय नियतकालिकांत 2020 मध्येच याची नोंद झाली. नाकावर चिकटपट्टी लावली की हा घोळ मिटे. पण सहा महिने जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाने तो काळा डाग पाहिला असेल, तर नंतरचं ‘अहो, ती नुसती वाफ होती’ त्याला पटायला वेळ लागतो. ज्यांची खालच्या बाजूची नजर आधीच गेली होती त्यांना तर मास्कची वरची कडच आडवी यायची. जिन्याची शेवटची पायरी दिसायची नाही. मग बाहेर पडणंच कमी झालं, आणि घरात कोंडून घेण्याला विषाणूचं रीतसर कारणही मिळालं.

आता दाब आटोक्यात ठेवणाऱ्या थेंबांचं. औषधांची दुकानं टाळेबंदीत उघडी होती, तरी ठरावीक ड्रॉप गावात मिळेलच असं नव्हतं. लॅटानोप्रॉस्टच्या थेंबांची बाटली अडीच मिलिलिटरची असते. न उघडलेली थंड जागी, 2 ते 8 अंशांत ठेवायची आणि उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत टाकून द्यायची. पगार कापला गेलेल्या घरात ती ‘अजून आहे थोडी’ म्हणून पुरवून पुरवून वापरली गेली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या अभ्यासात याच काळात अनेक रुग्णांच्या भेटी हुकल्या, औषधं खंडित झाली, असं दिसलं. एरवीही थेंब बंद पडण्यामागे पैसा आणि अंतर यांच्याबरोबर मन असतं. नैराश्यात माणूस आंघोळही टाळतो, तिथे दिवसातून दोनदा मान वर करून थेंब घालणं दूरच. थेंब बंद, म्हणून दाब वर. पुढच्या वेळी आकडा वाईट, म्हणून मन आणखी खाली. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग विद्यापीठाच्या बर्नहार्ड साबेल यांनी 2018 मधल्या एका लेखात मानसिक ताण हा दृष्टी जाण्याचा परिणाम असतो तसाच कारणही ठरू शकतो, अशी मांडणी केली, ती याच्याशी जुळते.

ताणाचा डोळ्याच्या दाबाशी थेट संबंध आहे का? दिल्लीच्या एम्समध्ये 90 रुग्णांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना नेहमीच्या थेंबांबरोबर तीन आठवडे रोज ध्यान शिकवलं, अर्ध्यांना नुसते थेंब. ध्यान करणाऱ्यांचा दाब लक्षणीय उतरला, रक्तातल्या ताणाच्या खुणाही कमी झाल्या. हा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. थेंब कुणाचेही बंद केले नव्हते, हे मात्र नीट वाचावं. आपल्याकडे अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत ‘ध्यानाने काचबिंदू बरा’ झालेला असतो. आणि ध्यान म्हणजे सरसकट योगासनं नव्हेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने शीर्षासन करणाऱ्यांच्या डोळ्यांचा दाब मोजला, तर तो त्या अवस्थेत जवळजवळ दुप्पट झाला. टाळेबंदीत यूट्यूब लावून शीर्षासन शिकलेले काचबिंदूवाले आजोबा माझ्या डोळ्यांपुढे येतात आणि काळजी वाटते. श्वासावर लक्ष ठेवून शांत बसावं, डोकं खाली पाय वर नको.

एका गोष्टीबद्दल मात्र घरोघरी बोलायला हवं, कारण ती झाकली जाते. नजर बरीच गेलेल्या माणसाला कधी कधी नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. भिंतीवर जाळीची नक्षी, अंगणात अनोळखी मुलं, फेटेवाले बुटके लोक. आवाज नाही, वास नाही, नुसतं चित्र. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला, म्हणून याला बोने यांचं नाव आहे. डोळ्याकडून येणारा मजकूर आटला की मेंदूचा दृष्टीचा भाग आपलं आपण चित्र काढत बसतो. हे वेड नाही, स्मृतिभ्रंशही नाही, आणि बाहेरचं तर अजिबात नाही. पण आपल्याकडे आजी म्हणाली, ‘कोपऱ्यात कोण उभं आहे?’ की घरात एकतर दृष्ट काढतात नाहीतर एकमेकांकडे बघून गप्प होतात. मग आजी सांगणंच बंद करते. इंग्लंडमध्ये टाळेबंदीत अशा रुग्णांची एक छोटी पाहणी झाली. निम्म्याहून अधिक जणांचे भास त्या काळात वाढले होते, आणि एकटेपणाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. बोलायला माणूस नाही, बाहेर जाणं नाही, दिवसभर तीच खोली. मेंदूला दुसरं काम उरलं नाही. यावर साधे उपाय आहेत: दिवा लावावा, नजर भराभर इकडेतिकडे फिरवावी, उठून दुसऱ्या खोलीत जावं. त्याहून मोठा उपाय म्हणजे डॉक्टरांनी आपणहून विचारावं, ‘असं काही दिसतं का? बऱ्याच जणांना दिसतं.’ हे ऐकून रडू फुटलेली माणसं आहेत, सुटकेचं रडू.

उशीर झाला म्हणून प्रत्यक्षात किती बिघडलं? बहुतेकांचा काचबिंदू सावकाश सरकतो. थेंब चालू ठेवलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाचं चार-सहा महिन्यांत फारसं काही जात नाही. ज्याची नस आधीच बरीच खालावली आहे, ज्याचा दाब चढउतार करतोय, ज्याला एकच डोळा उरला आहे, त्याच्यासाठी तेच महिने महाग पडतात. ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा तपास संस्थेने जानेवारी 2020 मध्ये, म्हणजे साथ तिथे पोचण्याआधीच, काचबिंदूच्या तारखा लांबण्यावर अहवाल काढला होता. त्यात 34 वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत होती. तेरा महिन्यांच्या विलंबात तिची दृष्टी गेली. विलंबामुळे तिथे महिन्याला 22 पर्यंत लोकांची दृष्टी गंभीर किंवा कायमची बिघडते, असा आकडाही त्यात होता. रांगा आधीपासून होत्या, साथीने त्या फक्त वाढवल्या.

म्हणून पुन्हा अशी वेळ आली, साथ असो, पूर असो वा संप, तर दवाखान्यांनी रुग्णांची यादी जोखमीप्रमाणे लावावी: कोणाला या आठवड्यात बोलवायचंच, कोण तीन महिने थांबू शकतो. ब्रिटनमध्ये अशा याद्या झाल्या. त्या यादीतलं स्थान रुग्णाला सांगणं हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. ‘तुमची तारीख पुढे गेली’ आणि ‘तुमची नस स्थिर आहे, तुम्ही थांबलात तरी चालेल म्हणून तारीख पुढे घेतोय’ या दोन फोनांमध्ये एका वाक्याचा फरक आहे. पहिला फोन आलेला माणूस रात्रभर जागतो. दुसरा फोन करायला डॉक्टर लागत नाही, रिसेप्शनवरची ताई पुरते. दूरध्वनीवरून उपचार देण्याची नियमावली आपल्या सरकारने 25 मार्च 2020 लाच काढली होती. फोनवर डोळ्याचा दाब मोजता येत नाही, पण थेंब चालू आहेत का, मिळतात का, झोप लागते का, हे विचारता येतं.

रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात काय आहे? थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरावं, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात कमी उतरतं. टिमोलॉलसारख्या थेंबांच्या बाबतीत याला विशेष अर्थ आहे, कारण ते नाडी मंद करू शकतात, दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतात, आणि काहींना त्यावर मरगळही जाणवते. तसं वाटलं तर थेंब परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावेत. नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी गोळ्या सुरू होणार असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला काचबिंदू असल्याचं आधी सांगावं. डोळ्यातला द्रव जिथून झिरपतो तो कोन अरुंद असलेल्यांना यांतल्या काही जुन्या गोळ्या अचानक दाब वाढवून अडचणीत आणू शकतात. निदान मोकळ्या कोनाचं असेल तर बहुधा काळजी नसते, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. कोविडमध्ये हजारो लोकांना स्टेरॉइड दिली गेली. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यांचा दाब चढतो, आणि काचबिंदू असलेल्यांत व त्यांच्या सख्ख्या नात्यात हे जास्त घडतं. तेव्हा ज्यांनी ती घेतली त्यांनी दाब मोजून घेतलेला बरा, आणि डोळा लाल झाला म्हणून दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब तर कधीच आणू नयेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर तेही नेत्रतज्ज्ञाला सांगायचंच लक्षण आहे. टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, चोवीस तास, मराठीतही. साथीच्या पहिल्या वर्षी ती नव्हती. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. पुढच्या तपासणीला जाताना फाइलच्या पहिल्या पानावर, थेंबांच्या नावांखाली, हा नंबर लिहून ठेवायला हरकत नाही.